रंगरावांचा उजवा हात

अठ्ठेचाळीस साली गांधीहत्येनंतर कोल्हापुरात जाळपोळ झाली, तेव्हा आमच्या स्टुडिओचं गोदामही अर्धं जळालं. आत पौराणिक चित्रपटांचं सामान होतं. सगळं शांत झाल्यावर आम्ही ते मैदानात आणून मांडलं. मुकुटांचा सोनेरी मुलामा उडून आतला पुठ्ठा दिसत होता. इंद्राच्या सिंहासनाची पाठ गेली होती. देवाच्या रथाचा एक लाकडी घोडा मानेपर्यंत कोळसा झाला होता आणि दुसरा धडधाकट होता. मालक आले, एक फेरी मारली आणि म्हणाले, "भंगारात काढा." गंभीर चित्रपटाला त्यातलं काहीच चालण्यासारखं नव्हतं.

मी तेव्हा तिथं सहायक दिग्दर्शक होतो. लोक मला बापू म्हणत. कितीतरी चित्रपटांत मी त्याच रथावर फुलांच्या माळा चढवल्या होत्या, त्यामुळं वाईट वाटलंच. पण दुपारी जेवताना पुन्हा तिकडं नजर गेली आणि मनात आलं, असल्या रथातून देव खाली आला तर? वाटेत रथ मोडला तर? उतरल्यावर त्याला रेशनच्या रांगेत उभं राहावं लागलं तर? दिवस कंट्रोलचे होते. धान्याला कार्ड, साखरेला कार्ड, रॉकेलला कार्ड. देवाकडं कार्ड कुठलं असणार?

माझा पहिला विडंबनपट तिथं सुरू झाला. पुढं पन्नाससाठच्या दरम्यानची सगळी वर्षं मी हाच धंदा केला. जे चित्रपट लोकांनी हात जोडून किंवा डोळे पुसत पाहिले होते, त्यांचीच नक्कल करून त्याच लोकांना हसवायचं.

बाहेरच्यांना वाटतं, हे सोपं आहे. धोतराचा सोगा सुटला, कुणी शेणात पडला की लोक हसतात. हसतात, पण ते विडंबन नव्हे. विडंबनात मूळ चित्रपट जसा असतो तसाच्या तसा करावा लागतो. तोच प्रकाश, तीच चाल, तीच संथ भाषा. फक्त एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की लोक गोंधळतात, तीन बदलल्या की नुसता धिंगाणा होतो. आणि पडद्यावरच्या कुणालाही आपण विनोद करतोय हे कळलंय असं दिसता कामा नये. माझ्याकडं कामाला येणाऱ्या निम्म्या नटांना मी याच कारणासाठी परत पाठवलं. ते चांगले विनोदी नट होते, हीच अडचण होती.

भांडवल घातलं अण्णाप्पाशेटनी. शाहूपुरीत त्यांची गुळाची अडत होती. मूळचे निपाणीकडचे, बोलता बोलता मध्येच कानडीतलं 'एन री', म्हणजे 'काय हो', म्हणायचे. गोष्ट ऐकून ते इतके हसले की मांडीवरची पानाची तबकडी कलंडली. मग एकदम गंभीर होऊन त्यांनी विचारलं, "एन री बापूसाहेब, देवाचं काम कोण करणार?"

माझ्या डोळ्यांपुढं एकच माणूस होता. तो हो म्हणेल, असं मात्र वाटत नव्हतं.

रंगराव मोरबाळे हे नाव आता कुणाला आठवणार नाही. तीस-चाळीसच्या दशकांत मात्र कोल्हापूरच्या पडद्यावर देव म्हणजे रंगराव. उंच, भरदार, आवाज घुमटासारखा. भक्ताची परीक्षा संपली की ते उजवा हात सावकाश वर उचलत, पापण्या अर्ध्या मिटत, शंख वाजे आणि वरून फुलं पडत. या एका क्षणासाठी लोक खेड्यांतून बैलगाड्या जोडून येत. त्या हात उचललेल्या रंगरावांची तसबीर कित्येक घरांच्या देव्हाऱ्यात होती.

नंतर सामाजिक चित्रपट आले, मग तमाशाचे आले. देवांना काम उरलं नाही. रंगरावांचं पोट सुटलं, केस विरळ झाले. मी मंगळवार पेठेत त्यांच्या घरी गेलो, तेव्हा ते उघड्या अंगानं सोप्यात बसले होते आणि त्यांच्या बायको, आक्का, लसूण सोलत होत्या. मी सरळच सांगितलं.

"देवाची टिंगल करणार तू?" रंगराव म्हणाले.

"देवाची नाही. पौराणिक चित्रपटांची."

"म्हंजे माझी."

इथं खोटं बोलता आलं असतं. मी म्हणालो, "होय. तुमची."

त्यांनी ताटातली लसणाची एक पाकळी उचलून बोटांत चोळली. मग म्हणाले, "आनि देव कोण करणार?"

"तुम्ही केलात तरच हे करायचं. दुसऱ्यानं केलं तर ती तुमची नक्कल होईल."

"आनि मी केलो तर?"

"तर काय होईल, ते मलाही माहीत नाही."

आक्का लसणाचं ताट बाजूला सारत म्हणाल्या, "करा की. मुकुट डोक्यावर न्हाय म्हणून घरात बसून देवासारखं वागत्यात नुसतं. भाजीत मीठ कमी पडलं तर शाप दिल्यागत बघत्यात माझ्याकडं."

रंगरावांनी खरोखरच तसं पाहिलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "एक सांगतो बापू. मी हसवणार न्हाय. मी देवच करणार, नेहमी करतो तसा. तुला हसवायचं आसंल तर बाकीच्यांकडनं हसव."

मला हवं होतं ते हेच. मी त्यांच्या पाया पडलो.

रेशनच्या रांगेचा प्रसंग आम्ही उचगावात घेतला. तिथल्या चावडीसमोर दुकानाची पाटी लावली आणि गावातलीच माणसं रांगेत उभी केली. प्रसंग साधा होता. देव रांगेत उभा आहे. त्याचा नंबर येतो. दुकानातला कारकून कार्ड मागतो. देव नेहमीप्रमाणे उजवा हात उचलतो, पापण्या मिटतो. सगळी रांग वर बघते. वरून काहीच पडत नाही. देव सावकाश आपल्या तळहाताकडं बघतो, बंद पडलेल्या घड्याळाकडं बघावं तसा. मग कारकून त्याला ढकलून रांगेबाहेर काढतो.

कारकुनाचं काम गणू शिंदे करत होता. काटकुळा, भित्रा आणि जातिवंत नट. रंगराव पूर्ण वेषात रथातून उतरले आणि माझ्या लक्षात आलं की गाव गप्प झालंय. बायका पदर सावरून उभ्या राहिल्या. दोघीतिघी घरात जाऊन निरांजन घेऊन आल्या. पुठ्ठा दिसणारा मुकुट त्यांना दिसत नव्हता. त्यांना तसबिरीतला देव दिसत होता.

पहिल्या खेपेला गणूनं ढकललं मात्र, रांगेतला एक गडी पुढं झाला आणि त्यानं गणूची गचांडी धरली.

"ए पावणं! देवाला हात लावतोस?"

"अहो, सिनेमा आहे," मी ओरडत पळालो.

"सिनेमा बिनेमा काय न्हाय. ह्येला आदी हिकडं आणा."

माणसं चहूकडून सरकली. गणूची टोपी गेली, सदरा फाटला. कॅमेरावाल्यानं कॅमेऱ्याला मिठी मारली. त्या गर्दीपुढं माझा आवाज कुणाला ऐकू येणार? तेवढ्यात रंगरावांचा आवाज आला. चढा नव्हता, पण अख्ख्या चावडीवर ऐकू गेला.

"बसा."

लोक बसले. खरंच बसले, धुळीत.

"ह्याला मीच सांगितलंय ढकलायला," रंगराव म्हणाले.

एक म्हातारा हात जोडून म्हणाला, "कशापायी वो देवा?"

"बाबा, रेशनिंगवाल्यापुढं माझं काय चालतंय?"

 मग त्या म्हाताऱ्यापासूनच हसू सुरू झालं आणि सगळी चावडी हसायला लागली. रंगराव मात्र हसले नाहीत. मी ते वाक्य तिथल्या तिथं संवादात घातलं. सबंध चित्रपटातलं सगळ्यात गाजलेलं वाक्य तेच, आणि ते माझं नव्हे.

दुसऱ्या खेपेला सगळं नीट चाललं होतं. गणूनं ढकललं. रंगराव झोकांडी खाऊन थांबले. कॅमेरा चालूच होता आणि रांगेतली एक म्हातारी शांतपणे पुढं आली, तिनं गणूच्या मुस्कटात दिली आणि परत आपल्या जागी जाऊन उभी राहिली. गणू इतका घाबरला होता की तो नुसता कार्ड, कार्ड म्हणत राहिला. आम्ही ते तसंच ठेवलं. नंतर मी म्हातारीला विचारलं, "आजी, सांगितलं होतं ना, खोटं आहे म्हणून?"

"खोटं हाय म्हणूनच हळू मारली," ती म्हणाली.

चित्रपट चालला. आमच्या कुणाच्याच कल्पनेत नव्हतं इतका चालला. खेळ सुरू झाल्यावर मी थिएटरात मागं उभा राहून चित्रपट पाहायचो नाही, ऐकायचो. हे आमच्या धंद्यातलं खरं काम. लोक हसले की त्या गदारोळात पुढचं वाक्य बुडतं. म्हणून हशाला जागा सोडावी लागते. कुणाचा तरी चेहरा थोडा जास्त वेळ ठेवायचा, दार उघडायला उशीर करायचा. फार जागा सोडली तर हसू विझून लोक खोकायला लागतात, कमी सोडली तर गोष्ट कळत नाही. नेसरीकडं फिरत्या सिनेमाच्या तंबूत तर प्रोजेक्टर एकच असायचा. रीळ बदलेपर्यंत अंधार, आणि त्या अंधारात लोक मागचा विनोद एकमेकांना पुन्हा सांगून हसत. तिथं माझी सगळी गणितं फुकट जायची.

दोन-तीन वर्षांनी मी तमाशाप्रधान ग्रामीण चित्रपटांचं विडंबन केलं. त्यात मिशांना पीळ देणारा, रागावला की मांडीवर थाप मारणारा पाटील रंगरावांनीच केला. देवाइतकाच गंभीरपणे. चित्रपट लागला आणि एक दिवस स्टुडिओच्या फाटकावर गडहिंग्लजकडचे एक खरेखुरे पाटील चार गड्यांसह येऊन उभे राहिले. हातात काठी.

"माझ्यावर शिनेमा काढलाय कुणी?"

मी म्हणालो, "तुमच्यावर नाही हो. तुम्ही पाहिलाय का?"

"बघायला कशाला पायजे? पावण्यांनी सांगितलंय. मिश्या माझ्या, फेटा माझा, घोडी बी माझीच हाय म्हणत्यात."

मी त्यांना आत नेलं, स्टुडिओतल्या छोट्या पडद्यासमोर बसवलं आणि चित्रपट लावला. मी शेजारी, काठी मध्ये. पहिली दोन रिळं ते दगडासारखे बसले होते. मग पडद्यावरच्या पाटलानं मांडीवर इतक्या जोरात थाप मारली की त्याचा स्वतःचाच पाय लचकला. शेजारून 'हॅक्' असा आवाज आला. पुढं ते आडवे होऊन हसायला लागले. दिवे लागल्यावर डोळे पुसत म्हणाले, "ह्यो मी न्हाय. ह्यो माझा व्याही हाय, हुबेहूब! आमच्या जत्रंला लावा ह्यो. त्येला म्होरंच बसवतो."

माझ्या सगळ्या धंद्यात मला एकही माणूस भेटला नाही, ज्याला विडंबनात तो स्वतः दिसला. सगळ्यांना व्याही दिसायचा.

रंगरावांची गोष्ट वेगळी होती. त्यांना स्वतःपासून सुटका नव्हती. पेठेतून जाताना कट्ट्यावरची पोरं उजवा हात उचलायची, पापण्या मिटायची आणि मग तळहाताकडं बघायची. सुरुवातीला रंगराव हसून घेत. मग त्यांनी रस्ता बदलला. एकदा आक्कांनी मला सांगितलं, "पुतणीच्या लग्नात अक्षता टाकायला ह्यांनी हात वर केला, तर मांडव हसला. भटजी बी हसलं. आता हे कुणाच्या लग्नाला जाईत न्हाईत."

हे मला आधी कळायला हवं होतं असं नाही, कुणालाच कळलं नसतं. हात उचलून फुलं पडली नाहीत, इतकंच आम्ही केलं होतं. पण विडंबनाची वाट एकाच बाजूला जाते. एखाद्या गोष्टीला लोक एकदा हसले की पुन्हा तिच्यापुढं डोकं टेकत नाहीत. मूळ चित्रपट कुठं परत लागले तरी लोक त्या क्षणाला हसू लागले. नवे नट ते विसरून दुसरं काहीतरी शोधू शकत होते. रंगरावांजवळ दुसरं काही नव्हतं, तो हात हेच त्यांचं आयुष्यभराचं काम होतं.

मग पुण्याच्या एका निर्मात्यानं त्यांना एका संतपटात गुरूचं काम देऊ केलं. रंगराव हरखून गेले. दाढी-जटा लावून ते पहिल्या दिवशी दिव्यांखाली उभे राहिले आणि वर चढलेल्या दिवेवाल्यांपैकी कुणाला तरी हसू फुटलं. मग दुसऱ्याला. निर्माता सज्जन होता. त्यानं संध्याकाळी नारळ देऊन, पाया पडून त्यांना परत पाठवलं.

रंगराव स्टेशनवरून घरी न जाता थेट स्टुडिओत आले. मी कापलेल्या फिल्मचे तुकडे निवडत बसलो होतो. ते समोरच्या पेटीवर बसले.

"बापू, तू माझ्याशी खोटं बोलला न्हवतास. तुमची टिंगल करणार म्हणून तोंडावर सांगितलंवतंस. म्हणून मी तुला काय म्हणत न्हाय."

मी हातातला तुकडा खाली ठेवला.

"आता एक कर. बिनहसण्याचा काढ एक. शेवटचा."

मी काढला. त्या वर्षांत मला जेवढं येत होतं तेवढं सगळं मी त्यात घातलं. संस्थान विलीन झाल्यावर घरी बसलेला एक म्हातारा चोपदार, ज्यानं उभी हयात दरबारात महाराज येत असल्याची ललकारी दिली. आता दरबार नाही. मुलगा एसटीत कंडक्टर आहे आणि त्याला बापाच्या जुन्या ऐटीची लाज वाटते. शेवटी बाप मरतो. एवढीच गोष्ट. अण्णाप्पाशेट ऐकून हसायची वाट बघत बसले, मग म्हणाले, "ह्यात हसायचं कुठं हाय?" मी म्हणालो, "कुठंच नाही." त्यांनी सुस्कारा सोडला, पण नाही म्हणाले नाहीत. आमच्यामुळं त्यांचं बरं झालं होतं आणि ते विसरणारे नव्हते.

मरणाच्या प्रसंगावरून माझं आणि रंगरावांचं भांडण झालं. मी म्हणालो, "हात पांघरुणातच ठेवा. नुसतं डोळ्यांनी बघा मुलाकडं."

"मरताना बाप पोराला आशीर्वाद देणार न्हाय?"

"देईल. पण लोक हसतील."

"लोक हसतील म्हणून बापानं हात वर करायचा न्हाय?" ते अंथरुणावर उठून बसले. "आरं, मग लग्नात बी करायचा न्हाय, हितं बी न्हाय. ह्यो हात तोडून टाकू?"

त्यांचं बरोबर होतं. प्रसंगाला हात हवाच होता. त्यांनी तो उचलला, आणि मी सांगतो, त्या दिवशी सेटवर कुणी हसलं नाही. गणू शिंदे कोपऱ्यात तोंड फिरवून उभा होता. तो अशक्त, थरथरता हात अर्ध्यावर येतो, मुलाच्या डोक्यापर्यंत पोचत नाही आणि मुलगाच डोकं खाली करून हाताखाली नेतो. माझ्या हातून घडलेलं त्याहून चांगलं काम मला आठवत नाही.

पहिल्या खेळाला मी आणि रंगराव थिएटरात मागच्या रांगेत बसलो. श्रेयनामावलीत माझं नाव आलं आणि लोक हसले. नुसत्या नावाला. रंगरावांचं आलं, तेव्हा टाळ्या आणि शिट्ट्या. चोपदार पहिल्यांदा पडद्यावर आला, नुसता दारात उभा राहिला, तर हशा. मी मनाशी म्हणत होतो, पाच मिनिटं जाऊ देत, बसतील. थोडे बसलेही. मध्यंतरानंतर तर चांगली शांतता होती. मग मरणाचा प्रसंग आला. हात पांघरुणाबाहेर आला आणि पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "कार्ड कुठाय?"

छप्पर उडेल असा हशा. मुलानं डोकं खाली केलं ते कुणाला दिसलंच नाही. मी शेजारी पाहिलं. रंगराव पडद्याकडं बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःख म्हणावं तर तेही नव्हतं. एखादा कारागीर आपली वस्तू दुसऱ्याच्या घरात बघतो, तसे ते बघत होते.

पुढच्या खेळांना लोक आले ते हसायलाच आले, आणि अधूनमधून हसायला काही नाही म्हणून कुरकुरत गेले. हळूहळू खुर्च्या रिकाम्या पडायला लागल्या. अण्णाप्पाशेट थिएटरात आले, एक खेळ पाहिला आणि आम्हा दोघांना बाहेर बाकावर बसवलं.

"एन री बापूसाहेब, लोकांना हसायचं हाय तर हसू द्या की. बाहेर पाटी बदलू. 'हसून हसून पोट दुखेल' म्हणून लिवू."

"मी तसं लिहू देणार नाही," मी म्हणालो. "चित्रपट उतरवा. पण ते नको."

 शेट रंगरावांकडं बघत होते. रंगरावांनी तोंडातलं पान थुंकून टाकलं, तोंड पुसलं.

"लावा पाटी."

"रंगराव, अहो..."

"बापू, मरणारा मी हाय, तू न्हाईस. रिकाम्या खुर्च्यांपुढं मरण्यापरीस हसणाऱ्या माणसांपुढं मेलेलं बरं. लावा पाटी."

पेंटरनं तांबड्या अक्षरांत पाटी रंगवली: हसून हसून पोट दुखेल! ती दरवाजावर लटकली आणि आठवडाभरात थिएटर पुन्हा भरायला लागलं. गंभीर म्हणून पडलेला चित्रपट विनोदी म्हणून उभा राहिला. मी तिकडं जाणं सोडून दिलं.

त्या काळी आमच्याकडं दर बुधवारी दुपारी फक्त बायकांसाठी खेळ असायचा. घरचं आवरून, पोरंबाळं घेऊन, आजूबाजूच्या सगळ्या मिळून बायका यायच्या. एरवी पुरुषांच्या गर्दीत त्या फारशा येत नसत. आक्कांनी नवऱ्याचा एकही चित्रपट कधी पाहिला नव्हता. देव असतानाही नाही. त्या म्हणायच्या, "घरात बघतो तेवढं बास की." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलतानाही अशा पुरुषासारख्याच बोलतात. पण त्या बुधवारी पेठेतल्या बायकांनी त्यांना ओढून नेलं. रंगराव माझ्या घरी आले आणि म्हणाले, "चल. आक्का गेलीया. ती हसली तर मला बघायचं हाय."

आम्ही थिएटरच्या व्हरांड्यात डोअरकीपरपाशी उभे राहिलो. आत पुरुषाला जायची बंदी होती. बराच वेळ आतून पोरांच्या रडण्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. माझ्या कानांना सवय होती, कुठं हसू येणार ते मला तोंडपाठ होतं. नावांना हशा आला नाही. चोपदार दारात उभा राहिला असेल तेव्हाही आला नाही. मला वाटलं, आज गर्दी नसेल. डोअरकीपर म्हणाला, "न्हाय वो, हाउसफुल्ल हाय."

शेवटचं रीळ लागलं. मी मनात गोष्ट चालवत होतो. आता पांघरूण. आता हात.  आत काहीच आवाज नाही. डोअरकीपरलाही ते खटकलं. "मशीन बंद पडलं काय?" म्हणत त्यानं पडदा बोटभर सारला आणि त्या फटीतून आवाज बाहेर आला. अख्खं थिएटर मुसमुसत होतं. कुणी हुंदका दाबत होतं, कुणी नाक ओढत होतं, एक म्हातारी मोठ्यानं म्हणत होती, "घे की रं हात डोक्यावर, लेका, घे की!"

डोअरकीपरनं पडदा सोडला. रंगराव वळले आणि भिंतीवरच्या काचेच्या पेटीतले आमच्या चित्रपटाचे फोटो बघायला लागले. त्यातला एकेक फोटो त्यांनी अगदी जवळ जाऊन, फार काळजीपूर्वक पाहिला.

बायका बाहेर आल्या. पदरानं डोळे पुसत, पोरांना ओढत. एक ठसठशीत बाई कडेवरच्या पोराला सावरत दरवाजात थांबली. तिनं वर बघितलं, पाटी अक्षर लावत वाचली आणि डोअरकीपरवर कडाडली, "कुठल्या मेल्यानं लिवलंय हे?"

डोअरकीपरनं माझ्याकडं बघितलं. मी रंगरावांकडं. रंगराव फोटो बघत होते.

आक्का सगळ्यांच्या शेवटी आल्या. डोळे सुजले होते. नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चला घरी. तुमचा च्या व्हायचा हाय अजून."

त्यानंतर रंगरावांनी माझ्या आणखी दोन चित्रपटांत काम केलं. दोन्ही विनोदी. साठ सालाच्या आसपास स्टुडिओ थंडावले, बरीच मंडळी मुंबईला गेली, मी गेलो नाही. मागं वळून बघताना लोकांना हसवल्याचा मला पश्चात्ताप नाही. तेही मी मन लावून केलं होतं.

चोपदाराचा चित्रपट पुढं चांगला चालला. अण्णाप्पाशेटना मी बुधवारची हकिगत सांगितली, ते गहिवरलेही, पण पाटी काही त्यांनी उतरवली नाही. बाकीच्या खेळांना गर्दी त्या पाटीवरच होत होती. मग आम्हीच एक व्यवस्था केली. दर बुधवारी दुपारी मी शिडीवर चढायचो, रंगराव खालून शिडी धरायचे, आणि पाटी भिंतीकडं तोंड करून फिरवून ठेवायचो. बायका बाहेर पडून घरी गेल्या की संध्याकाळच्या खेळाआधी ती परत सरळ करायचो.